तीन समुद्र ओलांडून आलेला प्रवासी
(अर्धापूर येथील व्याख्यान)



आपलें अर्धापूर केळीच्या बागांचें गांव. समुद्र येथून फार दूर. तथापि समुद्रमार्गें आलेला एक ख्रिस्ती प्रवासी नांदेड-लातूरच्या शेजारीं बीदर नगरांत राहून गेला. त्याचें चरित्र आम्ही आज सांगणार आहों. वास्को द गामा १४९८ सालीं कालिकतास पोहोंचला. त्यापूर्वीं सुमारें पाव शतक हा गृहस्थ चौल बंदरीं उतरला होता.

त्याचें नांव अफानासी निकितिन. रशियांतील त्वेर नगरचा व्यापारी. वोल्गा नदीनें जातां आस्त्राखानजवळ त्यास लुटण्यांत आलें. मालाबरोबर धर्मग्रंथही गेले. पुढें कास्पियन समुद्र व इराण ओलांडून तो होर्मुझ बंदरास आला आणि तेथून गलबतानें, १४७० च्या सुमारास, चौलास पोहोंचला. विकावयास जवळ एक घोडा होता.

जुन्नरास तेथील खानानें तो घोडा हिरावून घेतला. इस्लाम स्वीकारल्यास घोडा परत, वर हजार मोहरा. न स्वीकारल्यास घोडा गेलाच, शिवाय हजार मोहरा दंड! मुदत चार दिवसांची. निकितिननें धर्म सोडला नाहीं. त्यास सोडविलें तें खोरासानच्या एका मुसलमान गृहस्थानें; त्यानें खानाकडे रदबदली करून घोडाही परत मिळवून दिला. ही ईश्वराचीच करणी, असें निकितिननें लिहून ठेविलें.

बीदरास तेव्हां बहामनी सुलतान तिसरा महंमदशहा व वजीर महमूद गवान यांचा अंमल होता. सरदार रुप्याच्या पालख्यांतून मिरवीत आणि खेड्यांतील रयत मात्र उघडीनागडी, हें त्यानें स्पष्ट नमूद केलें. आपण ख्रिस्ती आहों असें सांगतांच हिंदूंनीं त्याच्यापासून कांहींच लपविलें नाहीं. त्यांच्यासमवेत तो शिवरात्रीच्या मोठ्या यात्रेसही गेला.

परंतु पास्काचा सण कोणत्या दिवशीं, हें सांगणारा ग्रंथ वा सोबती त्याच्याजवळ नव्हता. अंदाजानेंच तो उपवास पाळी, आणि ती खंत वहींत वारंवार उमटली आहे.

अखेर दाभोळहून तो परतला. काळा समुद्र ओलांडून स्वदेशाकडे जातां, स्मोलेन्स्कला पोहोंचण्यापूर्वींच त्यास मृत्यूनें गांठलें. त्याची वही मात्र १४७५ सालीं मॉस्कोस पोहोंचली. चौलजवळ रेवदंड्यास आज त्याचें स्मारक आहे.

घंटा वाजते, शेजारी हांक मारितो, तेव्हां सण पाळणें सोपें असतें. निकितिननें तो घंटेवांचून पाळिला. आणि परधर्मीयानें केलेला उपकारही कृतज्ञतेनें नोंदविला. या दोन गोष्टी आपण येथून घरीं न्याव्या, एवढीच आमची विनंति.