तहानंतरचा नागरिक



 वांशिक संघर्षातून सावरणाऱ्या देशांतील अल्पसंख्याकांविषयी दोन दिवस या परिषदेत चर्चा होईल. त्याआधी मला एकाच देशाविषयी बोलू द्या. तो देश म्हणजे बोस्निया-हर्झेगोव्हिना.

१९९२ मध्ये पूर्वाश्रमीच्या युगोस्लाव्हियात संयुक्त राष्ट्रांची शांतिसेना गेली, तेव्हा तिचे पहिले सेनापती होते लेफ्टनंट जनरल सतीश नंबियार, आपल्या मराठा लाइट इन्फन्ट्रीत घडलेले अधिकारी. त्यानंतरच्या साडेतीन वर्षांत बोस्नियातल्या युद्धात सुमारे १ लाख माणसे मारली गेली. ४४ लाखांच्या देशातले जवळजवळ निम्मे लोक घरादाराला मुकले. जुलै १९९५ मध्ये स्रेब्रेनित्सात ८,००० हून अधिक बोस्नियाक (बोस्नियातले मुस्लिम) पुरुष आणि मुलगे ठार झाले. हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने त्याला वंशसंहार ठरवले आहे.

त्याच वर्षी डेटन करार झाला आणि तोफा थांबल्या. देशाची राज्यघटना या कराराचेच एक परिशिष्ट आहे. तिने बोस्नियाक, क्रोएट आणि सर्ब अशा तीन समाजांत सत्ता वाटून दिली. राष्ट्राध्यक्षपदी एक माणूस नाही, तिघे असतात, प्रत्येक समाजाचा एक. हा करार करणाऱ्यांना मी नावे ठेवणार नाही. काल एकमेकांवर बंदुका रोखणाऱ्यांना आज एका सभागृहात बसवायचे, तर प्रत्येकाला आपली खुर्ची दिसावी लागते. तिघांत संख्येने लहान असलेल्या क्रोएटांची मताधिक्याने चिरडले जाण्याची भीतीही खोटी नाही.

पण याकोब फिन्त्सींकडे पाहा. ते सारायेव्होचे ज्यू. शहराला वेढा पडला होता तेव्हा ते तिथल्या ज्यू सेवासंस्थेचे काम पाहत होते. या संस्थेने जात-धर्म न विचारता भुकेल्यांना जेवण दिले, आजाऱ्यांना औषधे दिली. पुढे देशाने त्यांना राजदूत म्हणून स्वित्झर्लंडला पाठवले. मात्र त्याच देशाच्या राष्ट्राध्यक्षपदासाठी त्यांना उभे राहता येत नाही, कारण ते तिघांपैकी कोणत्याच समाजाचे नाहीत. रोमा समाजाचे देर्वो सेयदिच यांचीही तीच गत. दोघे स्ट्रासबर्गच्या मानवी हक्क न्यायालयात गेले आणि २२ डिसेंबर २००९ रोजी जिंकले. त्याला पंधरा वर्षे उलटली, घटना मात्र बदललेली नाही.

त्या तीन समाजांतल्या माणसाची तरी सोय झाली का? स्रेब्रेनित्सात राहणाऱ्या एका बोस्नियाक डॉक्टरालाही राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक लढवता आली नाही, कारण त्या भागाची जागा सर्ब उमेदवारासाठीच आहे. २०१६ मध्ये त्याच न्यायालयाने त्याच्याही बाजूने निकाल दिला. जिथे त्याच्या समाजाचा संहार झाला, तिथेच तो राहतो, आणि तिथे राहण्याचीच किंमत मोजतो. मला हे फार लागते. समाजाला संरक्षण मिळाले आणि त्याच समाजातला माणूस उघड्यावर पडला, असे होत असेल तर त्या संरक्षणाची मांडणीच कुठेतरी चुकली आहे.

चांगलेही घडले, तेही सांगायला हवे. युद्धात बळकावलेली घरे मूळ मालकांना परत देण्याचे काम तिथे मोठ्या निर्धाराने झाले. सुमारे २ लाख दावे आले, त्यांतले बहुतेक निकाली निघाले. मात्र अनेकांनी किल्ली घेतली आणि घर विकले. शेजारी नोकरी देईना, पोलिसांवर विश्वास बसेना, आणि मुलांना कोणत्या शाळेत घालायचे हा प्रश्न होताच.

शाळेपाशी मी मुद्दाम थांबतो. बोस्नियाक-क्रोएट भागांत ‘एका छपराखाली दोन शाळा’ आहेत. इमारत एक, पण मुले वेगळ्या दारांनी किंवा वेगळ्या पाळीत येतात आणि वेगळा इतिहास शिकतात. याइत्से गावात प्रशासनाने २०१६ मध्ये मुलांची आणखी एक विभागणी करायचे ठरवले, तेव्हा दोन्ही समाजांची मुले एकत्र रस्त्यावर उतरली आणि तो बेत मागे घ्यायला लागला. युद्ध संपल्यावर जन्मलेली ही पोरे! कायदेपंडितांनी त्यांच्याकडून पुष्कळ शिकावे, असे मला मनापासून वाटते.

म्हणूनच स्वागत समितीने पहिले सत्र राज्यघटनेवर न ठेवता शाळांवर ठेवले आहे. काही वक्त्यांना हा क्रम उलटा वाटला, पण आम्ही विचार करून तो तसाच ठेवला. श्रीलंका, रवांडा आणि कोसोव्हो दुपारी चर्चेला येतील. प्रत्येक सत्रात प्रश्नांसाठी अर्धा तास राखून ठेवला आहे. कृपया तो भाषणांत खर्ची घालू नका. मागच्या रांगांत बसलेल्या आमच्या विद्यार्थ्यांना त्यांचे प्रश्न आधी विचारू द्या.

 अध्यक्षमहोदय, परिषदेची सूत्रे मी आपल्या हाती सोपवतो.