कागदावरचा आकडा कमी का दिसतो?

(प्रभागसंघाच्या मासिक सभेत आर्थिक साक्षरता सखीने केलेले मार्गदर्शन)



मागच्या महिन्यात आपल्यातलीच एक ताई कागद घेऊन आली. तोंड उतरलेलं. शेळ्या विकून आलेले दहा हजार रुपये तिने ओळखीच्या एकाच्या सांगण्यावरून म्युच्युअल फंडात भरले होते. तिला वाटलं, ही बँकेची ठेव आहे. कागदावर मात्र लिहिलं होतं, आजचे मूल्य ९,२०० रुपये. "माझे आठशे कोणी खाल्ले गं?" तिने विचारलं.

कोणी खाल्ले नव्हते. आपल्या गटाचाच हिशेब घ्या. समजा, आज गट मोडायचा ठरला. रोकड, बँकेतली शिल्लक आणि सभासदांकडचं येणं कर्ज एकत्र करायचं. त्यातून बँकेचं देणं वजा करायचं. उरलेल्या रकमेचे सारखे वाटे घातले, की एका वाट्याची आजची किंमत कळते. फंडातही असंच असतं. एका वाट्याला 'युनिट' म्हणतात आणि त्याच्या किमतीला 'एनएव्ही'. फंडाने घेतलेल्या शेअर आणि रोख्यांचे भाव बदलतात, तशी एनएव्हीही बदलते.

ताईने पैसे भरले तेव्हा एनएव्ही होती २५ रुपये. मुद्रांक शुल्काचे पन्नास पैसे सोडून देऊ. तिला ४०० युनिट मिळाले. आज एनएव्ही २३ रुपये. ४०० गुणिले २३, झाले ९,२००. युनिट तेवढेच आहेत, भाव उतरलाय. तो चढेलही, आणखी उतरेलही. हमी कोणीच देऊ शकत नाही. बँकेतल्या ठेवीला ५ लाखांपर्यंत विम्याचं संरक्षण असतं, ते इथे नाही. म्हणून बियाणं, मुलांची फी, दवाखाना यांचा पैसा इथे घालू नका.

खरी काळजीची गोष्ट वेगळीच निघाली. कागदावर मोबाइल नंबर त्या माणसाचा होता आणि नॉमिनीची जागा कोरी! म्हणजे पैसे ताईचे, पण निरोप आणि ओटीपी त्याच्याकडे. आम्ही लगेच अर्ज देऊन दोन्ही दुरुस्त करून घेतलं.

तुमच्याही घरी असा कागद असेल तर आजच पाहा:

• नाव आणि फोलिओ नंबर, म्हणजे आपला खाते क्रमांक, बरोबर आहे का?
• युनिट किती? एनएव्हीने गुणून मूल्य जुळतं का?
• मोबाइल नंबर आणि बँक खातं आपलंच आहे ना?
• नॉमिनी, म्हणजे आपल्या माघारी पैसे कोणाच्या हाती द्यायचे, ते नाव लिहिलंय का?

रोख पैसे कोणाच्या हातात देऊ नका. ते थेट फंडाच्या खात्यात गेले पाहिजेत. म्युच्युअल फंडांवर सेबीची देखरेख असते. शंका असेल तर सेबीच्या १८०० २६६ ७५७५ या मोफत क्रमांकावर विचारा.

गटाचं पासबुक आपण दर महिन्याला सगळ्यांसमोर वाचतो. मग स्वतःच्या नावचा कागद न वाचता पेटीत का ठेवायचा? पुढच्या सभेला घेऊन या, मिळून वाचू.