गळक्या नळीपाशी उगवलेलं

सप्टेंबर सरतानाही अल नहदामध्ये घामाच्या धारा थांबत नाहीत. तरी ऑगस्टच्या २४ तारखेच्या सुमारास पहाटे दक्षिणेला अगस्तीचा तारा दिसू लागलेला असतो. अरब त्याला सुहैल म्हणतात आणि उन्हाळा उतरणीला लागल्याची खूण मानतात. पावसाला मात्र बराच अवकाश असतो. मग दुबई-शारजाच्या सीमेवरच्या या वस्तीत, माळी क्वचितच फिरकतो अशा बागेत, एवढं हिरवं येतं कुठून? गळक्या ठिबक नळीतून!

ही नळी म्हणजे चाळीतला सार्वजनिक नळ. नागरमोथा सगळ्यांच्या आधी हंडा लावून बसतो आणि जमिनीखालच्या गाठींतून आपलं गोतही रांगेत घुसवतो. माका अगदी तोटीखाली. ओल हटली की तो संपला. दुधी फरशीच्या फटीत, सांडलेल्यावर भागवणारी. आणि घोळ? तिचं पिंप घरातच, जाड पानांत भरलेलं. पाणी तुटलं की घोळ रात्री रंध्रं उघडून कार्बन डायऑक्साइड घेते आणि आम्लाच्या रूपात साठवते, म्हणून तहानलेल्या घोळीचं पान संध्याकाळपेक्षा पहाटे जास्त आंबट. तिचं पिवळं फूल उन्हं चढल्यावर उमलतं नि लवकरच मिटतं. पुढे बोंडाचं टोपण निघतं आणि काळी, बारीक बी सांडते. चाखून मात्र पाहू नये. इथल्या बागांना बऱ्याचदा शुद्ध केलेलं सांडपाणी देतात.

शेजारच्या मोकळ्या प्लॉटवरची हर्म ही वाळवंटी वनस्पती या नळाला आलेलीच नाही. कडक उन्हात ती पानं गाळते आणि तग धरते.

थंडीच्या फुलझाडांसाठी वाफे खणायला घेतले की हे सगळं सरसकट उपटलं जातं. उपटण्याआधी बघावं, एवढंच या भाषणाचं मागणं आहे.

काटेरी रोप असेल तर दोनदा बघावं. ते घाफचं असू शकतं, आणि घाफ म्हणजे आपली शमीच! संयुक्त अरब अमिरातीचा हा राष्ट्रीय वृक्ष. २०१९च्या सहिष्णुता वर्षाचं चिन्हही तोच होता. दसऱ्याला शमी पुजणाऱ्या घरांनी तिचं रोप ओळखू नये, हे काही बरं नव्हे. तिची मुळं खोल पाण्यापर्यंत जातात. मोठी झाली की तिला नळ लागत नाही. वेडी बाभूळ दिसायला तशीच, पण तिचे काटे पानांच्या बगलेत, बहुधा जोडीनं येतात. शमीचे आखूड काटे दोन पेरांच्या मधल्या भागावर विखुरलेले असतात.

वेळ संपत आली आहे. पण पुन्हा सांगायला हवं: खुरपं घालण्याआधी काटे बघावेत, आणि शमी निघाली तर माळ्याला ते रोप दाखवून ठेवावं.