एका सूचनेची बचत
मोबाइलमधली नावं अकारविल्हे लागतात ती 'सॉर्टिंग'मुळे. हे काम दशकानुदशकं इतकं घासूनपुसून झालेलं, की त्यात आणखी सुधारणा ती काय होणार?

2023 मध्ये गूगल डीपमाइंडच्या 'अल्फाडेव्ह' या एआयने ती केली. पटावरच्या चालींसारख्या प्रोसेसरच्या सूचना एकेक मांडत त्याने तीन संख्यांची क्रमवारी 18 ऐवजी 17 सूचनांत बसवली. वाचली एकच सूचना! पण हे काम जगभर दिवसातून अब्जावधी वेळा चालतं.

पाच संख्यांसारख्या छोट्या यादीत वेग 70 टक्क्यांपर्यंत वाढला. अडीच लाखांहून मोठ्या यादीत मात्र जेमतेम 1.7 टक्के. कौतुक करताना हा दुसरा आकडाही सांगायला हवा.

हा कोड सी प्लस प्लस या प्रोग्रॅमिंग भाषेच्या एलएलव्हीएम लायब्ररीत गेला, तोही माणसांनी तपासल्यावरच.