डोळ्यांची साथ आणि डॉ. नोशीर वाडिया यांचे संशोधन

(सुवर्णमहोत्सवानिमित्त झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



'डोळे येणे' हा आजार कोणास ठाऊक नाही? डोळे लाल होतात, चिकटतात, आठवड्याभरात बरे होतात आणि घरातील माणसे तो विसरूनही जातात. परंतु या क्षुल्लक वाटणाऱ्या आजारामागे दडलेले एक गंभीर संकट मुंबईतील वैद्यकांनी उघडकीस आणले. त्यांत अग्रभागी असलेल्या डॉ. नोशीर होरमसजी वाडिया यांच्या कार्याचा हा अल्प परिचय.

डॉ. वाडिया यांचा जन्म १९२५ साली सुरत येथे झाला. मुंबईच्या ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयात शिक्षण घेऊन ते इंग्लंडला गेले. तेथे लॉर्ड रसेल ब्रेन या नामवंत मेंदूविकारतज्ज्ञांच्या हाताखाली त्यांनी अनुभव घेतला. १९५७ साली मायदेशी परतल्यावर जे. जे. रुग्णालयात मेंदू व मज्जातंतूंच्या विकारांचा विभाग त्यांनी उभा केला. पुढे जसलोक रुग्णालयातही त्यांनी दीर्घकाळ सेवा केली.

१९६९ साली आफ्रिकेतील घाना देशात डोळ्यांची एक नवी साथ उद्भवली. त्याच वर्षी मानव चंद्रावर उतरला होता, म्हणून तेथील लोकांनी तिला 'अपोलो' हेच नाव दिले. १९७१ साली ती भारतात पोहोचली. बांगलादेशाच्या मुक्तिसंग्रामाचा तो काळ. बंगालात तिला 'जय बांगला' म्हणू लागले. मुंबईच्या चाळींतून आणि लोकलच्या गर्दीतून ती झपाट्याने पसरली. डोळ्यांच्या पांढऱ्या भागात रक्त उतरे, परंतु दृष्टी सहसा शाबूत राही.

त्यानंतर रुग्णालयांत काही निराळेच रुग्ण येऊ लागले. धडधाकट प्रौढ माणसे. आधी कंबर व पायांत तीव्र कळा, मग पाय लुळे. लक्षणे पोलिओसारखी, पण पोलिओ तर मुख्यत्वे बालकांचा आजार! पूर्वेतिहास विचारता कळले की, काही दिवस वा काही आठवडे आधी त्यांचे डोळे आले होते. डोळे बरे झाल्यामुळे त्याचा पायांशी संबंध जोडण्याचे रुग्णांना कारणच नव्हते. तो संबंध वैद्यकांनी जोडला. डॉ. ई. पी. भरुचा व डॉ. व्ही. पी. मोंडकर यांनी १९७२ मध्ये, तर डॉ. वाडिया, डॉ. इराणी व डॉ. कात्रक यांनी १९७३ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकातून ही निरीक्षणे जगापुढे मांडली.

दरम्यान जपानी संशोधकांनी या साथीचा विषाणू शोधला. 'एंटेरोव्हायरस ७०' नावाचा हा विषाणू पोलिओच्याच कुळातला निघाला. १९८१ साली मुंबईत पुन्हा साथ आली, तेव्हा डॉ. वाडिया व सहकाऱ्यांनी लुळे पडलेल्या रुग्णांच्या रक्ततपासणीतून या विषाणूचा पुरावा गोळा केला व १९८३ मध्ये तो प्रसिद्ध केला. ही गुंतागुंत विरळा होती. तथापि काहींचे अपंगत्व कायम राहिले.

डोळ्यांच्या निरीक्षणातूनच त्यांचा आणखी एक शोध लागला. तोल जाण्याच्या आनुवंशिक विकारात काही कुटुंबांतील रुग्णांची नजर असाधारण संथपणे फिरते, हे डॉ. वाडिया व डॉ. स्वामी यांनी १९७१ मध्ये नऊ कुटुंबांच्या अभ्यासातून दाखवले. त्या विकाराचे जनुक १९९६ साली सापडले. २०१२ मध्ये डॉ. वाडिया यांना पद्मभूषण लाभले. २०१६ मध्ये त्यांचे देहावसान झाले.

या कार्यातून आपण काय घ्यावे? वस्तूला अनेक बाजू असतात, एकीवरून निर्णय करू नये, ही अनेकांताची शिकवण. डोळ्यांचा रोगी डोळ्यांच्या डॉक्टरकडे, पायांचा पायांच्या डॉक्टरकडे, एवढ्यावरच विचार थांबला असता तर हे दुखणे अनाकलनीयच राहिले असते. वैद्यास आपला आजार सांगताना मागील लहानसे दुखणेही सांगावे, हा त्यातील व्यवहाराचा बोध.

दुसरा बोध जयणेचा. २०२३ च्या पावसाळ्यात महाराष्ट्रभर डोळ्यांची साथ पुन्हा पसरली होती. वटार-आगाशीहून रोज विरार-नालासोपारा गाठून लोकलने जाणाऱ्यांना हा धोका सर्वाधिक. हा संसर्ग नुसत्या नजरेने होत नाही. रोग्याच्या डोळ्यांतील स्राव हात, रुमाल वा टॉवेलवाटे दुसऱ्याच्या डोळ्यांत गेल्याने होतो. म्हणून हात साबणाने धुवावेत, टॉवेल व उशी वेगळी ठेवावी, मनाने औषध घालू नये आणि डोळे आले असता शाळा, प्रवचन व स्वामीवात्सल्याची पंगत काही दिवस टाळावी. पाऊल टाकताना सूक्ष्म जीवास जपणाऱ्या समाजाने शेजारी बसलेल्या जीवासही असेच जपावे.

जय जिनेंद्र!