सहीचा मान आणि सहीची जबाबदारी



जुन्या मुंबईत एखाद्या व्यापाऱ्याच्या नावापुढे ‘जे. पी.’ ही अक्षरे लागली की बाजारात त्याची पत वाढत असे. ‘जस्टिस ऑफ द पीस’ म्हणजे शांतता राखण्यासाठी सरकारने नेमलेला प्रतिष्ठित गृहस्थ. 1832 च्या कायद्याने हा मान हिंदी लोकांनाही खुला झाला आणि 1834 साली जगन्नाथ शंकरशेट, जमशेटजी जीजीभॉय प्रभृतींची नेमणूक झाली. 1865 साली तर मुंबईचा नगरकारभारच जस्टिस मंडळाकडे सोपविण्यात आला. पुढे 1872 च्या कायद्याने 64 सभासदांची महापालिका आली, तेव्हाही त्यांपैकी 16 सभासद जस्टिसच निवडीत.

1973 च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत हे पद उरले नाही. तिच्या कलम 21 नुसार राज्य शासन विशेष कार्यकारी दंडाधिकारी नेमू लागले. महाराष्ट्रात पुढे विशेष कार्यकारी अधिकारी हे मानद पद रूढ झाले. त्यास वेतन नाही, कोणास शिक्षा करण्याचा अधिकार नाही. लोकांना त्याची ओळख आहे ती मुख्यतः कागदपत्रांच्या साक्षांकनासाठी.

हे काम दिसते तितके सोपे नव्हे. शाळा-महाविद्यालयांच्या प्रवेशाचे दिवस आले की मीरा-भाईंदरसारख्या वाढत्या शहरात गुणपत्रिकांच्या झेरॉक्स प्रती घेऊन मुले अशा गृहस्थांच्या दारी उभी राहत. ओळखीच्या घरातील मुलास ‘आधी मूळ प्रत दाखव’ असे म्हणणे जड जाते. परंतु मूळ कागद न पाहता उमटविलेला शिक्का ही परोपकाराच्या वेषातील खोटी साक्षच होय. तत्त्वार्थसूत्रात सत्य अणुव्रताच्या अतिचारांमध्ये ‘कूटलेखक्रिया’, म्हणजे खोटा लेख करणे, गणले आहे, ते याचसाठी.

2015 साली महाराष्ट्र शासनाने स्वयंसाक्षांकनाची मुभा दिली. कायद्याने प्रतिज्ञापत्र सक्तीचे असेल ती कामे सोडता, अर्जदार आता आपल्या प्रतींवर स्वतःच सही करतो. एकेकाळी निवडक शेठ-सावकारांवर टाकलेला विश्वास आज शासनाने सामान्य विद्यार्थ्यावर, गृहिणीवर, दुकानातील नोकरावर टाकला आहे. नावापुढे बिरुद नसले तरी साक्षीदाराचे दायित्व तेच आहे.

म्हणून घरातील मुलाने प्रथमच ‘सत्यप्रत’ असे लिहून सही करावी, त्या दिवशी वडीलधाऱ्यांनी मूळ कागद आणि प्रत त्याच्यासमोर ठेवून ओळीने ओळ ताडून घ्यावयास शिकवावे. सुवर्णमहोत्सवाच्या या मंगल प्रसंगी प्रत्येक घराने एवढा नियम घेतला, तरी पुढच्या पिढीस ती मोठी ठेव होईल.

जय जिनेंद्र!