ओळीचा अदृश्य शेवट

कागदावर ओळ संपली म्हणजे हात आपोआप डावीकडे येतो; ओळ संपल्याचें चिन्ह कोणी लिहीत नाहीं. संगणकापाशीं मात्र अक्षरांची एकच लांबलचक रांग असते. ती कोठें मोडावयाची, हें रांगेंतच एक न दिसणारें अक्षर घालून सांगावें लागतें. पंचाईत एवढीच कीं, हें अक्षर कोणतें याविषयीं निरनिराळ्या प्रणालींत एकमत झालें नाहीं.

या मतभेदाचें मूळ दूरमुद्रकांत आहे. टंकलेखन यंत्राची दांडी ओढली म्हणजे गाडी मागें सरते आणि कागदहि एक ओळ वर चढतो. दूरमुद्रकावर हीं दोन कामें दोन स्वतंत्र संकेतांनीं होत. ॲस्की संकेतावलींत गाडी परत आणणाऱ्या ‘कॅरेज रिटर्न’चा अंक १३ व कागद सरकविणाऱ्या ‘लाइन फीड’चा १०. १९६३ सालचें टेलिटाइप यंत्र सेकंदास दहा अक्षरें छापी. गाडीला उजव्या टोंकाकडून परतण्यास एका अक्षराहून अधिक वेळ लागे. म्हणून १३ आधीं व १० मागून पाठवीत. कागद सरके तोंवर गाडीला सवड मिळे.

यंत्रें गेलीं, रीत राहिली. १९८१ सालच्या एम्‌एस्‌-डॉसनें व तिच्यामागून विंडोजनें १३-१० ही जोडी तशीच ठेविली. युनिक्सनें एकट्या १० वर भागविलें. ॲपलच्या मॅकिंटॉशनें एकटा १३ पसंत केला, परंतु २००१ सालच्या मॅक ओएस टेनपासून तोहि १० कडे वळला. युनिक्सचा निर्णय शहाणपणाचा म्हणावा लागेल. जी गाडी उरलीच नाहीं, ती परत आणण्याचा हुकूम कशास हवा?

विंडोजवर लिहिलेली आज्ञावली युनिक्सवर नेली, तर पहिल्या ओळीस चिकटलेला १३ कार्यक्रमाच्या नांवाचाच भाग समजला जातो आणि ‘असा कार्यक्रम नाहीं’ असें उत्तर येतें. डोळ्यांना चूक दिसत नाहीं, आणि माणूस तासन्‌तास शोधीत बसतो. उलट युनिक्सवरील मजकूर नोटपॅडमध्यें २०१८ सालापर्यंत एकाच अखंड ओळींत दिसे.

रूपांतराचीं साधनें आहेत. ‘डॉस-टू-युनिक्स’ हें त्यांपैकीं एक. परंतु फाइल आधीं कोणत्या रीतीची आहे, हें पाहिलें पाहिजे. जिच्यांत १३-१० आहेतच तिच्यांतील प्रत्येक १० च्या आधीं आणखी एक १३ घातला, तर शेवट दुणावतात.

मराठी मजकुरास याहून मोठा धोका आहे. एखाद्या घरीं आजोबांच्या आठवणी जुन्या नोटपॅडमध्यें ‘युनिकोड’ या नांवाखालीं साठविलेल्या असतात. ही यूटीएफ-१६ पद्धति. तींत प्रत्येक देवनागरी अक्षरास दोन बाइट लागतात, आणि मराठी ‘ऊ’ हा ९ व १० या दोन बाइटांनीं लिहिला जातो! केवळ १० शोधीत जाणारें आंधळें साधन या ‘ऊ’लाहि ओळीचा शेवट समजतें व तेथें १३ घुसवितें. एक बाइट वाढला कीं पुढील सर्व जोड्या सरकतात. ऊन, ऊस, ऊब असा एखादा साधा शब्द आला, कीं तेथून पुढें आजोबांचें लिखाण अनोळखी खुणांचें रान होतें. खऱ्या ओळीच्या शेवटींहि असेंच घडतें.

म्हणून अशी फाइल प्रथम उघडून यूटीएफ-८ मध्यें साठवावी. तेथें देवनागरी अक्षराचे तिन्ही बाइट १२७ हून मोठे असतात. १० किंवा १३ त्यांत सांपडत नाहीं. मग शेवट बदलावे, आणि नवी प्रत शेवटपर्यंत वाचून होईतों जुनी पुसूं नये.